पारदर्शक टेक्श्चरची काळी कड, पांढरा चौकोन आणि गायब झालेली काच: अल्फा ब्लेंडिंग क्रमाने कसं तपासावं

आर्टिस्टच्या मशीनवर चित्र स्वच्छ असतं. तेच गेममध्ये आलं की कडेला काजळ घातल्यासारखी रेघ उमटते. मग आर्टिस्ट म्हणतो कोड बिघडलाय, प्रोग्रामर म्हणतो फाइल बिघडलीये, आणि बहुतेक वेळा दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं. बिघाड दोघांच्या मधे असतो: टेक्श्चरमधल्या (ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या चित्रातल्या) रंगाला अल्फाने, म्हणजे अपारदर्शकतेच्या ० ते १ या आकड्याने, आधीच गुणलंय की नाही, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

हे दुखणं माझ्याकडे इतक्यांदा आलंय की आता स्क्रीनशॉट बघितला की कुठून सुरुवात करायची ते ठरलेलं असतं. तोच क्रम इथे लिहितोय. उदाहरणं ओपनजीएल या ग्राफिक्स इंटरफेसच्या भाषेत आहेत. व्हल्कन, डायरेक्टथ्रीडी, मेटल, वेबजीएल सगळीकडे हिशोब तोच.

लक्षणं

- चित्राभोवती अख्खा चौकोन दिसतो: काळा, पांढरा किंवा कचरा भरलेला.
- कडेला एक-दोन पिक्सेलची काळपट किंवा पांढरट रेघ. मूळ मापात दिसत नाही. चित्र मोठं केलं, फिरवलं किंवा अर्धा पिक्सेल सरकवलं की दिसते.
- स्प्राइटच्या (गेममधल्या सपाट चित्राच्या) वरच्या टोकाला एक बारीक तुटक रेघ, जिचा रंग खालच्या टोकाचा असतो.
- काचेमागची दुसरी काच, धूर किंवा पाणी गायब. कॅमेरा फिरवला की परत हजर.
- झाड जवळून दाट. लांब गेलं की विरळ होतं आणि शेवटी नुसत्या काड्या उरतात.
- ऑफस्क्रीन टेक्श्चरमध्ये (थेट पडद्याऐवजी आधी मेमरीतल्या चित्रात) काढलेला यूआय (बटणं, मेनू) मूळपेक्षा काळवंडतो. वेबवर असाल तर कॅनव्हासमधून मागचं पान दिसायला लागतं.
- अर्धपारदर्शक मराठी मजकुरात शिरोरेषेवर गडद ठिपके.
- एकच फाइल डेस्कटॉपवर ठीक, फोनवर काळपट.

१. पार्श्वभूमी बदला, मग फिल्टर बदला

याला एक ओळ कोड लागतो. क्लिअर कलर (फ्रेम पुसताना भरला जाणारा रंग) आधी काळा, मग पांढरा, मग भडक हिरवा करून बघा. काळी कड काळ्या पार्श्वभूमीवर दिसतच नाही, त्यामुळे सगळे सीन अंधारात घडत असतील तर हा दोष महिनोन् महिने लपून राहतो आणि पहिला दिवसाचा सीन आला की बोंब होते. कड फक्त पांढऱ्यावर दिसते की फक्त काळ्यावर, हे लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता त्याच टेक्श्चरचा फिल्टर लिनिअरवरून (शेजारच्या पिक्सेलची सरासरी) निअरेस्ट (जवळचा एकच पिक्सेल) करा, मिपमॅप (लांबून बघण्यासाठी लहान केलेल्या प्रती) बंद करा. ही या लेखातली सगळ्यात मोलाची तपासणी आहे, कारण ती गुन्हेगारांचे दोन गट पाडते. कड नाहीशी झाली तर फाइलमधल्या दिसणाऱ्या पिक्सेलचे रंग ठीक आहेत आणि शेजारच्या अदृश्य पिक्सेलचा रंग फिल्टरिंगमधून आत झिरपतोय: मुद्दा ३ ते ५ बघा. कड तशीच राहिली तर कडेच्या पिक्सेलमध्येच काळा किंवा पांढरा रंग मिसळलेला आहे, किंवा गुणाकार दोनदा होतोय. तसं असेल तर सरळ ५ वर जा.

२. बटणं आणि चॅनल

चौकोन दिसत असेल तर आधी ब्लेंडिंग (नवा रंग मागच्या रंगात मिसळणं) चालू आहे का ते बघा. ओपनजीएलमध्ये ते मुळात बंद असतं, आणि चालू केलं तरी ब्लेंड फंक्शन ‘वन, झिरो’ असतं. म्हणजे नवा रंग गुणिले १, मागचा गुणिले ०: मागचं पुसून नवीन लिहा. दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

मग फाइल चार चॅनलने (लाल, हिरवा, निळा, अल्फा) लोड होतेय का? एसटीबी इमेजसारख्या लोडरला चार चॅनल हवेत असं स्पष्ट सांगा, नाहीतर फाइलमध्ये जितके असतील तितकेच येतात. तीन चॅनलचा डेटा चार समजून वाचला की रंगांचे पट्टे दिसतात. तीन चॅनलचा डेटा तीनच म्हणून पाठवला पण रुंदी चारच्या पटीत नसली, तर चित्र तिरकं सरकत जातं; कारण प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत सुरू होते असं ओपनजीएल धरतं. हा अल्फाचा दोष नाही, पण पारदर्शकता बिघडली म्हणूनच लोक तो घेऊन येतात.

शेवटी टेक्श्चर कॉम्प्रेशनचा फॉरमॅट. ईटीसी१ मध्ये अल्फा नाहीच. बीसी१ मध्ये असलाच तर एका बिटाचा, म्हणजे आहे किंवा नाही. मऊ कड हवी असेल तर बीसी३, बीसी७, ईटीसी२ चा अल्फावाला प्रकार किंवा एएसटीसी. बिल्ड स्क्रिप्टमध्ये कुणीतरी जागा वाचवायला फॉरमॅट बदललेला असतो आणि निरोप दिलेला नसतो.

३. रॅप मोड आणि अ‍ॅटलासमधली मोकळी जागा

वरच्या टोकाला खालच्या टोकाचा रंग दिसतोय? रॅप मोड (चित्राच्या कडेबाहेर काय वाचायचं ते) रिपीट आहे. ओपनजीएलमध्ये न सांगता मिळतो तो हाच. क्लॅम्प टू एज करा, काम झालं.

अ‍ॅटलास (अनेक स्प्राइट एकाच टेक्श्चरमध्ये) असेल तर रॅप मोड उपयोगाचा नाही, कारण शेजारी दुसरा स्प्राइट बसलेला आहे. प्रत्येक स्प्राइटभोवती किमान दोन पिक्सेल सोडा आणि त्या जागेत कडेचाच रंग पसरवा. मिपमॅप वापरत असाल तर दोन पुरणार नाहीत. प्रत्येक पातळीला ती जागा निम्मी होत जाते.

४. न दिसणाऱ्या पिक्सेलचा रंग

अल्फा शून्य असलेल्या पिक्सेललाही रंग असतो. डोळ्याला तो दिसत नाही, फिल्टरला दिसतो.

साधा हिशोब करू. एक पिक्सेल पूर्ण पांढरा, अल्फा १. शेजारचा पूर्ण पारदर्शक, पण त्याचा रंग काळा. बरोबर मधे नमुना घेतला तर लिनिअर फिल्टर रंग ०.५ आणि अल्फा ०.५ देतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर नेहमीचं ब्लेंडिंग केलं की ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५, अधिक पार्श्वभूमीचा ०.५. बेरीज ०.७५. पांढऱ्यावर पांढरं ठेवलं आणि मधे करडी रेघ आली. तीच तुमची कड.

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे कडेचा रंग पारदर्शक भागात थोडा बाहेरपर्यंत पसरवणं. युनिटीच्या इम्पोर्ट सेटिंगमध्ये ‘अल्फा इज ट्रान्सपरन्सी’ आणि गोडोमध्ये ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ हे खूणचौकोन तेच करतात. स्वतःचं इंजिन असेल तर बिल्डमध्ये एक छोटा टप्पा घाला. गिंपमधून पीएनजी एक्स्पोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

यात एक चोर असतो: पीएनजी लहान करणारी साधनं. फाइल अजून थोडी आटावी म्हणून त्यातली काही, तसा पर्याय दिला तर, अदृश्य पिक्सेलचे रंग बदलून टाकतात. ऑक्सीपीएनजीचा अल्फा पर्याय आणि झॉपफ्लीपीएनजीचा पारदर्शकतेचा लॉसी पर्याय ही त्याची उदाहरणं. वेबपेजसाठी यात काही वावगं नाही. गेमच्या टेक्श्चरसाठी मात्र आर्टिस्टने जपून पसरवलेला रंग एका रात्रीच्या बिल्डमध्ये काळा होतो आणि दुसऱ्या दिवशी बिचाऱ्यालाच जाब विचारला जातो.

५. प्रीमल्टिप्लाय: एकदाच आणि सगळीकडे सारखं

खरी मेख इथे आहे. रंग साठवायच्या दोन रीती. स्ट्रेट म्हणजे रंग आणि अल्फा वेगवेगळे. प्रीमल्टिप्लाइड म्हणजे रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवलेलं. दोन्हींसाठी ब्लेंड फंक्शन वेगळं:

स्ट्रेटसाठी ‘सोर्स अल्फा, वन मायनस सोर्स अल्फा’.
प्रीमल्टिप्लाइडसाठी ‘वन, वन मायनस सोर्स अल्फा’.

जोड्या चुकल्या की लक्षणं ठरलेली आहेत. प्रीमल्टिप्लाइड डेटा स्ट्रेट फंक्शनने काढला तर रंगाला अल्फा दोनदा लागतो आणि अर्धपारदर्शक भाग काळवंडतो. फिल्टर निअरेस्ट केला तरी कड जात नाही. उलट, स्ट्रेट डेटा प्रीमल्टिप्लाइड फंक्शनने काढला तर कडा उजळतात, आणि अदृश्य पिक्सेलचा रंग पांढरा असेल तर अख्खा पांढरा चौकोन उभा राहतो, कारण अल्फा शून्य असला तरी रंगाची बेरीज होतेच. एवढ्यावरून स्क्रीनशॉट बघून निदान करता येतं.

मुद्दा ४ मधलं गणित प्रीमल्टिप्लाइडने पुन्हा करा: रंग ०.५, अधिक पार्श्वभूमीचा ०.५, बरोबर १. कड नाही, रंग पसरवण्याची गरजही नाही. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली कंपोझिटिंगचे नियम मांडले तेच मुळी गुणलेल्या रंगांवर. एवढ्या जुन्या गोष्टीवर आजही प्रत्येक नव्या टीममध्ये वाद होतो, याची मला गंमत वाटते. माझं मत साफ आहे: नवीन प्रोजेक्ट असेल तर प्रीमल्टिप्लाइड घ्या. मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनएने २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीत तोच डीफॉल्ट केला होता.

पण फाइलमध्ये काय आहे ते फाइलच्या प्रकारावर अवलंबून असतं. पीएनजीच्या मानकात अल्फा स्ट्रेट असतो. ओपनईएक्सआरमध्ये रंग गुणलेला धरतात. टिफमध्ये दोन्ही चालतात. आणि फाइल व तुमचा कोड यांच्यामधली ऑपरेटिंग सिस्टिम मधेच हात मारते: अँड्रॉइडचा बिटमॅप डीफॉल्टने गुणलेला असतो, अ‍ॅपलच्या कोअर ग्राफिक्समधूनही पारदर्शक चित्र सहसा गुणूनच बाहेर पडतं. डेस्कटॉपवर एसटीबी इमेजने स्ट्रेट लोड झालेली तीच पीएनजी फोनवर काळपट दिसते ती यामुळे. वेबजीएलमध्ये तर उलटसुलट आहे: टेक्श्चर अपलोड करताना गुणायचं की नाही याचा डीफॉल्ट ‘नाही’, आणि कॅनव्हास पानावर चढवताना ब्राउझरचा समज ‘गुणलेलं आहे’.

प्रीमल्टिप्लायकडे वळताना लोक तीन ठिकाणी अडकतात.

पहिलं, गुणाकार मिपमॅप बनवण्याआधी आणि कॉम्प्रेशनच्या आधी करा. शेडरमध्ये (जीपीयूवर पिक्सेल रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) टेक्श्चर वाचल्यावर गुणलं तर फिल्टरिंग आधीच झालेलं असतं आणि घाण आत आलेली असते.

दुसरं, फेड. स्प्राइट हळूहळू नाहीसा करताना पूर्वी फक्त अल्फा कमी करत होतात. आता चारही घटक त्याच संख्येने गुणायचे. फक्त अल्फा कमी केला तर स्प्राइट विरण्याऐवजी चमकायला लागतो. हेच हत्यार म्हणूनही वापरता येतं: रंग ठेवून अल्फा शून्य केला की अ‍ॅडिटिव्ह ब्लेंडिंग मिळतं, त्यामुळे ज्वाळा आणि धूर एकाच ड्रॉ कॉलमध्ये (जीपीयूला दिलेल्या ‘काढ’ या एका हुकमात) बसतात.

तिसरं, एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठी रंगाचे आकडे वक्ररेषेने साठवायची रीत. अल्फा नेहमी लिनिअर असतो, रंग मात्र एन्कोड केलेला. एन्कोड केलेल्या आकड्यालाच अल्फाने गुणून ते एसआरजीबी टेक्श्चर म्हणून चढवलं तर जीपीयू वाचताना डीकोड करतो आणि कड पुन्हा काळी. क्रम असा: डीकोड, गुणाकार, एन्कोड. फ्रेमबफरही (ज्यात चित्र काढलं जातं तो बफर) एसआरजीबी आहे का ते बघा. काळ्यावर अर्धा पांढरा ठेवला तर लिनिअर ब्लेंडिंगमध्ये पडद्यावर २५५ पैकी साधारण १८८ येतो, साध्यात १२८. एवढा फरक असल्यामुळे यूआयच्या आर्टिस्टने फोटोशॉपमध्ये ठरवलेली पारदर्शकता गेममध्ये वेगळी दिसते. तो दोष नाही. दोन साधनं वेगळ्या कलर स्पेसमध्ये गणित करतात. कोणती धरायची ते ठरवा.

प्रीमल्टिप्लायचा एक तोटाही सांगतो. आठ बिटांत अल्फा ५ असेल तर रंगाला शून्य ते पाच अशा सहाच पायऱ्या उरतात. त्यावर पुन्हा भागाकार करून मूळ रंग काढायला गेलात तर पट्टे दिसतील. तो भागाकार टाळा.

६. गायब होणारी काच: डेप्थ बफर

डेप्थ बफर प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर ठेवतो; त्याला पारदर्शकता कळत नाही. पुढची काच आधी काढली आणि तिने डेप्थ लिहिली, की मागचं सगळं त्याच्या दृष्टीने झाकलं गेलं.

नेहमीचा क्रम: आधी सगळं अपारदर्शक, मग पारदर्शक वस्तू लांबून जवळ अशा लावून. पारदर्शक काढताना डेप्थ टेस्ट चालू, डेप्थ लिहिणं बंद. टेस्ट बंद केलीत तर भिंतीमागचा धूर भिंतीवर येईल.

लिहिणं बंद केल्यावर फ्रेमच्या शेवटी ते परत चालू करायला विसरू नका. ओपनजीएलमध्ये डेप्थ मास्क बंद असेल तर क्लिअरही डेप्थ पुसत नाही. पहिली फ्रेम उत्तम, दुसरीपासून वस्तू अर्धवट किंवा गायब. असं दिसलं की सरळ तिथेच बघा.

वस्तूच्या मध्यबिंदूवरून लावलेला क्रम छोट्या वस्तूंना पुरतो. लांबलचक काच, एकमेकांत घुसलेली पानं, स्वतःलाच झाकणारी बाटली यांना पुरत नाही. बाटलीसाठी एक जुनी युक्ती: आधी फक्त मागचे पृष्ठभाग काढा, मग फक्त पुढचे. मोठी काच असेल तर तिचा मेश तोडून तुकडे करा. त्याच्या पुढचं काम अवघड आहे, शेवटी सांगतो.

७. लांबून विरळ होणारं झाड

पानं, जाळी, कुंपण यांना ब्लेंडिंगपेक्षा अल्फा टेस्ट बरी: अल्फा ०.५ पेक्षा कमी असेल तर पिक्सेल टाकून द्या. क्रम लावावा लागत नाही, डेप्थही लिहिता येते. पण मिपमॅपमध्ये सरासरी होत जाते. बारीक पानाचा अल्फा ०.५ च्या खाली घसरतो आणि पान नाहीसं होतं. उपाय म्हणजे प्रत्येक पातळीचा अल्फा इतका वाढवायचा की उंबरठा ओलांडणाऱ्या पिक्सेलचं प्रमाण मूळ चित्राइतकंच राहील. युनिटीत ‘प्रिझर्व्ह कव्हरेज’ नावाने ते तयार मिळतं. एमएसएए (कडा मऊ करणारं मल्टिसॅम्पलिंग) चालू असेल तर अल्फा टू कव्हरेजने कडाही मऊ होतात.

८. ऑफस्क्रीन टेक्श्चर आणि शिरोरेषेवरचे ठिपके

स्ट्रेट फंक्शन अल्फा चॅनललाही तसंच लागू होतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अपारदर्शक पृष्ठभागावर ०.५ अल्फाचं काही काढलं तर तिथला नवीन अल्फा ०.२५ अधिक ०.५, म्हणजे ०.७५. अपारदर्शक जागेत भोक पडलं. थेट पडद्यावर काढत असाल तर ते कुणाला कळत नाही. ते टेक्श्चर पुढे वापरलंत किंवा ते वेबचा कॅनव्हास असेल तर दिसतं. स्ट्रेटवरच राहायचं असेल तर सेपरेट ब्लेंड फंक्शन घ्या आणि अल्फासाठी ‘वन, वन मायनस सोर्स अल्फा’ द्या. मात्र असं तयार झालेलं टेक्श्चर गुणलेलं असतं, पुढे ते प्रीमल्टिप्लाइड म्हणूनच काढायचं.

आता आपल्या लिपीचा खास त्रास. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, म्हणून परदेशी लायब्ररीच्या नमुन्यांत हा कधी दिसत नाही. देवनागरी फाँटमध्ये शिरोरेषा सलग दिसावी म्हणून शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकांवर थोड्या चढवलेल्या असतात. प्रत्येक अक्षर अ‍ॅटलासमधून वेगळं काढलं आणि मजकुराचा अल्फा ०.५ असला, तर चढलेल्या जागी दोनदा ब्लेंड होऊन ०.७५ होतो. प्रत्येक जोडावर गडद ठिपका. चढ काढून रेषा फक्त टेकवल्या तर उलटं होतं: दोन्हीकडच्या मऊ कडा अर्ध्या-अर्ध्या भरतात, जोडावर १ ऐवजी ०.७५ येतो आणि शिरोरेषा फिकट ठिगळांची दिसते. फाँटशी खेळून हे सुटत नाही.

सुटतं ते असं: चारही घटक शून्य केलेल्या ऑफस्क्रीन टेक्श्चरमध्ये अख्खी ओळ पूर्ण अल्फाने, प्रीमल्टिप्लाइड रीतीने काढा; मग ते टेक्श्चर चारही घटक ०.५ ने गुणून एकदाच पडद्यावर ठेवा. सबटायटल, फेड होणारे संवाद, वॉटरमार्क, सगळ्यांना हेच लागू. रोज बदलत नसलेला मजकूर असेल तर ते टेक्श्चर राखून ठेवा, खर्चही उरत नाही.

९. फ्रेम पकडून बघा

इथपर्यंत सुटलं नसेल तर अंदाज बंद. रेंडरडॉक हे फ्रेम पकडून तपासायचं साधन फुकट आहे. वेबजीएलसाठी स्पेक्टर आहे. एक फ्रेम पकडा, टेक्श्चर व्ह्यूअरमध्ये फक्त अल्फा चॅनल दाखवा, मग एकेक ड्रॉ कॉल पुढे जात कोणत्या कॉलनंतर बिघडतं ते शोधा. त्या कॉलची ब्लेंड आणि डेप्थची स्थिती तिथेच लिहिलेली असते. तुमच्या कोडमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा जीपीयूला काय मिळालं ते महत्त्वाचं. मधलं एखादं यूआयचं प्लगइन स्थिती बदलून तशीच सोडून जातं.

कुठे थांबायचं

कडेच्या पिक्सेलमध्ये पार्श्वभूमीचा रंग फाइलमध्येच भिनलेला असेल तर शेडरमध्ये ठिगळं लावू नका. आर्टिस्टकडून मूळ थरांची फाइल घेऊन पुन्हा एक्स्पोर्ट करवून घ्या.

केस, दाट धूर, एकमेकांत घुसलेल्या अनेक काचा असा सीन असेल तर क्रम लावून काम होणार नाही. क्रमाशिवाय पारदर्शकता जमवण्याच्या रीती आहेत: २००१ पासूनचं डेप्थ पीलिंग अचूक पण महाग, मॅग्वायर आणि बाव्हॉइल यांची २०१३ ची वेटेड ब्लेंडेड रीत स्वस्त पण अंदाजे. कोणती घ्यायची हे अख्ख्या रेंडररवर परिणाम करणारं आहे. ग्राफिक्सचं काम करणाऱ्या अनुभवी माणसाला बोलवा, स्वतः आठवडे घालवू नका.

दोष एकाच कंपनीच्या जीपीयूवर दिसत असेल तर आधी ड्रायव्हर अपडेट करा आणि व्हॅलिडेशन लेअर किंवा डीबग आउटपुट चालू करून तुमच्या बाजूची चूक नाही ना ते बघा. तिथे काही सापडलं नाही तर तो इंजिनच्या किंवा ड्रायव्हरच्या टीमचा विषय. आणि रंगीत चौकटी, चमकणाऱ्या रेघा तुमच्या प्रोग्रामबाहेर, साध्या डेस्कटॉपवरही दिसत असतील तर हा अल्फाचा प्रश्नच नाही. कार्ड तापतंय का बघा, मशीन दुरुस्तीला द्या आणि तोवर कोडला हात लावू नका.

कुणालाही बोलावलंत तरी त्याच्या हातात एवढं द्या: पकडलेल्या फ्रेमची फाइल, मूळ पीएनजी आणि बिल्डमधून बाहेर पडलेलं टेक्श्चर अशी दोन्ही, काळ्या-पांढऱ्या-हिरव्या पार्श्वभूमीचे तीन स्क्रीनशॉट, निअरेस्ट फिल्टरने कड गेली की राहिली, आणि जीपीयू व ड्रायव्हरची आवृत्ती.